हे वाक्य कुठल्या पानावर आहे?

[दृश्य: दादर पश्चिम. चौकात जयंतीचे फ्लेक्स.]

मुंबईत एखाद्या महापुरुषाची जयंती आली की चौकाचौकांत फ्लेक्स लागतात. मध्ये महापुरुषाचा फोटो, खाली शुभेच्छुकांचे चेहरे आणि वर अवतरणचिन्हांत एक वाक्य. ते कुठल्या भाषणातलं, कुठल्या सालचं, हे लिहिलेलं नसतं. संध्याकाळी तेच वाक्य एखादा नेता सभेत म्हणतो, रात्री वाहिनीच्या पडद्यावर त्याची पट्टी धावते, सकाळी ते सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येतं. चार ठिकाणी दिसलं की माणूस धरूनच चालतो, हे खरं असणार.

यातलं सगळ्यात जास्त फिरलेलं वाक्य मेकॉले या इंग्रज अधिकाऱ्याच्या नावावर आहे. ‘मी हा देश उभा-आडवा फिरलो, मला एकही भिकारी दिसला नाही, एकही चोर दिसला नाही. या लोकांचा कणा मोडायचा तर त्यांची जुनी शिक्षणपद्धती बदलली पाहिजे.’ खाली लिहिलेलं असतं : ब्रिटिश संसदेतलं भाषण, २ फेब्रुवारी १८३५.

त्या दिवशी मेकॉले लंडनमध्ये नव्हताच. १८३४ च्या जूनमध्ये तो मद्रासला उतरला होता आणि आता कलकत्त्यात गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलात कायदा सदस्य म्हणून काम करत होता. तारीख मात्र खरी आहे. त्याच दिवशी त्यानं शिक्षणावरचं आपलं प्रसिद्ध टिपण लिहून दिलं. त्यात भारताचं कौतुक औषधालाही नाही. चांगल्या युरोपीय ग्रंथालयातलं एक फडताळ भारत आणि अरबस्तानच्या सगळ्या साहित्याच्या तोडीचं आहे, असं त्यात म्हटलंय. रक्तानं आणि रंगानं हिंदी, पण आवडीनं आणि विचारानं इंग्रज असा एक वर्ग तयार करायचा, हेही त्यातच आहे.

म्हणजे रागवायचंच असेल तर खरा मेकॉले पुरेसा होता. बनावट वाक्यानं काय केलं? शत्रूच्या तोंडून आपली स्तुती वदवून घेतली. ऐकायला गोड, टाळ्या घेणारी. आणि त्या टाळ्यांत आपल्याच शहरातला एक खरा वाद बुडाला. १८४० च्या दशकात मुंबईच्या शिक्षण मंडळात सर अर्स्किन पेरी इंग्रजी माध्यमासाठी अडून बसले होते. त्यांच्यासमोर जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट उभे राहिले. सामान्य लोकांपर्यंत ज्ञान न्यायचं असेल तर ते त्यांच्या भाषेतूनच गेलं पाहिजे, असं नानांनी लेखी मांडलं. मुंबईत राहून मेकॉलेच्या विचाराला दिलेलं हे उत्तर आहे. ते कुठल्याच फ्लेक्सवर दिसत नाही, याचं मनापासून वाईट वाटतं.

[दृश्य: जुन्या पुस्तकाची पानं उलटली जातात.]

दुसरं वाक्य नेहरूंचं म्हणून सांगितलं जातं : ‘मी शिक्षणानं इंग्रज, संस्कृतीनं मुसलमान आणि जन्माच्या अपघातानं हिंदू.’ दर निवडणुकीला ते नव्यानं वर येतं. याचा माग मुंबईतच छापलेल्या एका पुस्तकापर्यंत जातो. १९५९ मध्ये रफिक झकेरिया यांनी नेहरूंवरचा एक ग्रंथ संपादित केला. त्यात चाहत्यांबरोबर कडव्या टीकाकारांनाही लिहायला बोलावलं. त्यांपैकी एक होते डॉ. ना. भा. खरे. खरे पूर्वी काँग्रेसचेच, मध्य प्रांताच्या १९३७ च्या मंत्रिमंडळाचे प्रमुख. पुढे बिनसलं आणि ते हिंदू महासभेत गेले. नेहरूंचं हे वर्णन डॉ. खरे यांनी केलेलं. विरोधकानं विरोध केला, तो छापला गेला, यात वावगं काही नाही. वावगं झालं ते नंतर. डॉ. खरे यांचं नाव गळलं आणि त्यांचा आरोप नेहरूंचा कबुलीजबाब म्हणून फिरू लागला.

नेहरूंनी स्वतःबद्दल काय लिहिलंय, ते १९३६ च्या आत्मचरित्रात वाचायला मिळतं. पूर्व आणि पश्चिम यांचं मी एक विचित्र मिश्रण झालोय, सगळीकडे परका, कुठेच घरचा नाही, असं ते म्हणतात. तुरुंगात बसून हे लिहिणाऱ्या माणसावर टीका जरूर करावी. पण त्याच्या शब्दांवर करावी.

प्रत्येक बनावट वाक्यामागे द्वेषच असतो असंही नाही. बँकांमध्ये गांधीजींच्या नावाची पाटी असते : ग्राहक आपल्यावर अवलंबून नाही, आपण त्याच्यावर अवलंबून आहोत. जवळपास हाच मजकूर १९४१ मध्ये अमेरिकेतल्या स्टुडबेकर या मोटार कंपनीचे उपाध्यक्ष केनेथ इलियट यांच्या नावानं छापलेला सापडतो. गांधीजी मुंबईत असत तेव्हा ज्या घरात उतरत, ते गावदेवीचं मणिभवन आजही उघडं आहे, तिथे ग्रंथालय आहे. त्यांच्या संपूर्ण वाङ्मयाचे इंग्रजीत शंभर खंड आहेत. पाटी रंगवण्याआधी तिथे विचारणं अशक्य नव्हतं.

[दृश्य: शिवाजी पार्क, ६ डिसेंबर. पुस्तकांचे स्टॉल.]

आणि कधी कधी वाक्य खरं असतं, पण अर्धं असतं. त्यानं होणारं नुकसान मला सर्वांत मोठं वाटतं. २ सप्टेंबर १९५३ रोजी राज्यसभेत बाबासाहेब म्हणाले की हे संविधान जाळणारा पहिला माणूस मी असेन. एवढंच कापून दाखवलं जातं. त्याच भाषणात पुढे ते बहुसंख्याकांना बजावतात : अल्पसंख्याकांना मान्यता दिली तर लोकशाहीला धोका, असं म्हणू नका, त्यांना दुखावण्यातच सगळ्यात मोठा धोका आहे. १९ मार्च १९५५ रोजी त्याच सभागृहात त्यांना जाळण्याच्या त्या वाक्याबद्दल विचारलं गेलं. ते म्हणाले, आम्ही देवासाठी मंदिर बांधलं, पण देवाची स्थापना होण्याआधीच सैतानानं ते बळकावलं, तर मंदिर पाडण्यावाचून काय करणार? हे संतापलेल्या बापाचं बोलणं आहे. पट्टीत मावेल एवढंच कापलं की त्यातला बाप जातो आणि नुसता संताप उरतो.

बाबासाहेबांचं लेखन आणि भाषणं महाराष्ट्र शासन १९७९ पासून खंडांमध्ये प्रसिद्ध करत आलंय. सुरुवातीचे खंड वसंत मून यांनी कष्टानं उभे केले. चैत्यभूमीवर येणारी माणसं गावाहून पैसे साठवून आणतात आणि पिशव्या भरून पुस्तकं नेतात. पण अनेक खंड वर्षानुवर्षं मिळेनासे झाले. २०२१ च्या डिसेंबरात ‘लोकसत्ता’नं बातमी दिली की कागद विकत घेऊनही छपाई रखडली आहे. मुंबई उच्च न्यायालयानं त्या बातमीची स्वतःहून दखल घेतली आणि तिचं जनहित याचिकेत रूपांतर केलं.

आमची मागणी साधी आहे. वाहिन्यांनी उद्धरणाच्या पट्टीत साल आणि ठिकाण द्यावं. पक्षांनी फ्लेक्सवर खंड आणि पान छापावं. आणि शासनानं हे खंड कायम छापत राहावेत. लातूरहून, अकोल्याहून रात्रभर प्रवास करून दादरला उतरलेल्या माणसाला ६ डिसेंबरला मागेल तो खंड मिळालाच पाहिजे.