अठ्ठ्यांची जोडी आणि बारा ब्लाइंड

अध्यक्षमहोदय आणि मित्रहो, चवथीच्या रात्री तीनपत्तीत जोडी हाती आली की माणूस कसा खुलतो, हे या सभागृहात कोणाला सांगावे लागणार नाही. माझी तक्रार त्या खुलण्याविषयीच आहे, कारण पोकरच्या स्पर्धेत चिप्स कमी उरल्या असताना सत्त्या, अठ्ठ्या किंवा नव्व्यांची जोडी मिळालेला खेळाडू नेमका तिथेच फसतो.

कोल्हापूरचे माझे एक स्नेही मांडवीतल्या कॅसिनोच्या जहाजावर स्पर्धा खेळायला येतात आणि दुसऱ्या दिवशी आमच्या बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या पडवीत, बसून प्रत्येक डाव सांगतात. (मी गोव्याचा रहिवासी असल्यामुळे २०२०पासून मला तिथे खेळण्यास मनाई आहे, काठावरून दिवे पाहण्यावर मात्र अजून कर बसलेला नाही.) त्यांची कथा अशी की ब्लाइंड, म्हणजे पाने पाहण्याआधीच दोन खेळाडूंना भरावी लागणारी लहान व मोठी रक्कम, १,००० आणि २,००० होते, त्यावर अँटे नावाची २,०००ची आणखी एक सक्तीची भर होती आणि त्यांच्यापुढे २४,००० चिप्स, म्हणजे बारा मोठे ब्लाइंड, उरले होते. समोरच्याने ४,४०० केले आणि यांनी अठ्ठ्यांवर तेवढेच भरून फ्लॉप, म्हणजे सर्वांसाठी पटावर उघडणाऱ्या पाच पानांतली पहिली तीन, पाहायचे ठरविले. राणी, गुलाम आणि चौकी उघडली, समोरून पैज आली, पाने टाकून दिली. पुढे नव्व्यांवर तेच झाले, मग सत्त्यांवर तेच, आणि १३,२०० चिप्स एकदाही न झुंजता गेल्या. “पत्ते रुसले हो,” असे म्हणून त्यांनी चहा मागितला.

पत्ते मुळीच रुसले नव्हते. फ्लॉपवर तिसरी अठ्ठी साधारण साडेआठ वेळांत एकदाच येते, तेव्हा ती एकदा येईपर्यंत साडेसात वेळा ४,४०० जातात, म्हणजे ३३,०००. ती आली आणि समोरच्याने आपले सारे भरले, तरी त्याचे २४,००० आणि पटावरचे ५,००० मिळून २९,०००च होतात. गळाला मासा लागेपर्यंत आमिषच संपावे, तसा हा व्यवहार आहे.

अध्यक्ष घड्याळ दाखवीत आहेत, त्यामुळे जे सांगायला आलो होतो ते आता धावत सांगतो.

अठ्ठ्यांपेक्षा मोठे निदान एक पान शंभरातल्या सुमारे ८७ फ्लॉपवर येते. पण पाचही पाने पाहायला मिळाली तर एक्का-राजासमोर हीच जोडी सुमारे ५५ टक्के वेळा जिंकते. म्हणून बारा ब्लाइंडवर आपल्याआधी कोणी आत आले नसेल तर सरळ ऑल-इन करावे, म्हणजे सगळ्या चिप्स एकदम पुढे साराव्यात. सगळ्यांनी पाने टाकली तर पटावरचे ५,००० न लढता मिळतात, आणि २४,०००वाल्याला ती रक्कम लहान नाही. ज्यांची पाळी शेवटी येते अशा जागांवरून कोणी सैलसर वाढविले असेल तर त्याच्यावरही ऑल-इन करावे. पहिल्या जागेवरून सावध खेळाडूने वाढविले असेल तर सत्त्या टाकाव्यात, कारण मोठ्या जोडीसमोर आपली संधी जेमतेम वीस टक्के राहते. चाळीस ब्लाइंड असतील तर फ्लॉप स्वस्तात पाहण्याचा हट्ट जरूर करावा, तिथे माझे भांडण नाही.

आणखी एक खेळाडू बाद झाला की उरलेल्या सर्वांना बक्षीस, अशी वेळ आली असताना मात्र ज्या अठ्ठ्यांवर आपण स्वतः ऑल-इन केले असते, त्याच अठ्ठ्या दुसऱ्याच्या ऑल-इनसमोर बहुधा टाकाव्या लागतात, कारण तेव्हा समोरचा पाने टाकील ही शक्यता उरलेली नसते आणि हरलो तर बक्षीसही जाते.