काचेचं वजन

नमस्कार श्रोतेहो.

जुन्या वाड्यातल्या झुंबराचा निखळलेला लोलक लहानपणी हाती लागला, की आपण तो आधी डोळ्याला लावतो. भिंती, माणसं, अंगणातली तुळस, सगळ्यांना इंद्रधनुष्याची किनार! त्या नादात एक गोष्ट मात्र निसटते. एवढासा तो लोलक, पण चांगलाच जड असतो. आज मला त्या वजनाबद्दल बोलायचंय.

हे वजन शिशाचं. 1674 साली लंडनच्या जॉर्ज रेव्हनस्क्रॉफ्टनं नव्या बिलोरी काचेचं पेटंट घेतलं. सुरुवातीला त्याच्या काचेत बारीक तड्यांचं जाळं पडायचं. शिशाचं प्रमाण जमलं, काच सुधारली, तेव्हा खात्रीची खूण म्हणून तो भांड्यांवर डोमकावळ्याचं डोकं उमटवू लागला. नावातच 'रेव्हन' ना! पुढे इंग्लंडात जी कृती रुळली ती अशी: तीन भाग वाळू, दोन भाग शेंदूर, एक भाग पोटॅश. हो, शेंदूरच, आपल्या मारुतीला चढतो तो. शिशामुळे काच प्रकाश जास्त वाकवते, रंग फाकवते आणि टिचकी मारली की किणकिणत राहते. शिवाय ती जराशी मऊ, त्यामुळे चाकावर पैलू सुरेख पडतात.

पण पैलू पाडायचे तर काच जाड हवी, आणि 1745च्या कायद्यानं इंग्लंडात काचेवर कर बसला तो वजनावर! शंभर वर्षं कारखानदार तोळामासा मोजत राहिले. 1845 साली कर उठला आणि मग काय, काच बनवणाऱ्यांनी हात सैल सोडला.

त्यात सगळ्यांच्या पुढे होतं बर्मिंगहॅमचं ओस्लर घराणं. थॉमस ओस्लरनं 1807 साली धंदा सुरू केला, 1831 साली तो फॉलेट आणि क्लार्कसन या मुलांकडे आला. फॉलेट मोठा अवलिया. वाऱ्याचा जोर आपोआप कागदावर नोंदवणारं यंत्रही त्यानं बनवलं. पण त्याचं नाव झालं ते 1851च्या लंडनच्या महाप्रदर्शनात, क्रिस्टल पॅलेसच्या मधोमध उभ्या केलेल्या कारंज्यामुळे. उंची 27 फूट, काच चार टन. आतले लोखंडी दांडे काचेत असे दडवले होते, की बघणाऱ्याला सगळा डोलारा काचेवरच उभा वाटावा. गर्दीत चुकामूक झाली तर 'कारंज्यापाशी भेटू' असं लोक आधीच ठरवून ठेवत. 1936च्या आगीत क्रिस्टल पॅलेस गेला, त्याच्याबरोबर कारंजंही गेलं.

हे पैलू पाडणारे हात कुणाचे, ते कुठल्या भांड्यावर कोरलेलं नाही. आधी लोखंडी चाकावर ओली वाळू सोडून खाच पाडायची, मग दगडी चाकावर ती गुळगुळीत करायची, शेवटी कथील-शिशाच्या भुकटीनं चकाकी आणायची. ती भुकटी अंगात भिनून कारागिरांची मनगटं लुळी पडत. झगमगाटाचा हा हिशेब कुठल्या बिलात लागला नाही.

ओस्लरनं कलकत्त्याला दुकान थाटलं आणि आपल्या संस्थानिकांना काचेचं वेडच लागलं. उदयपूरच्या महाराणा सज्जनसिंहांनी काचेच्या खुर्च्या, मेजं, एवढंच नाही तर पलंगसुद्धा मागवला. काचेच्या पलंगावर झोप कशी लागणार, देव जाणे! माल पोचण्याआधीच, 1884 साली, ते वारले. पेटारे कित्येक वर्षं तसेच पडून होते. आता तो ऐवज तिथल्या फतेहप्रकाश महालात बघायला मिळतो.

आणि ग्वाल्हेर. जयाजीराव शिंद्यांच्या जयविलास महालातली दोन झुंबरं प्रत्येकी साडेतीन टनांची आहेत. ती टांगण्यापूर्वी छत पेलेल की नाही हे पाहायला वर हत्ती चढवले, असं तिथं सांगतात. खरं-खोटं शिंदेशाहीला माहीत! पण जिन्याच्या कठड्याचे काचेचे खांब बघितले, की हत्तींची गोष्टही पटायला लागते.

हल्लीची बरीच झुंबरं प्लास्टिकची, पिसासारखी हलकी. जुन्या बाजारात कुणी 'साहेब, अस्सल बिलोरी' म्हणत लोलक पुढे केला, तर तो लगेच डोळ्याला लावू नका. आधी तळहातावर ठेवून बघा.

नमस्कार.