दुरुस्ती सुचवण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार.

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणी विचारतं, ‘टाकी कधी साफ होणार? हे महत्वाचं आहे.’ त्यावर पहिलं उत्तर येतं, ‘महत्त्वाचं! दोन त.’ टाकीचा विषय तिथेच राहतो, आणि विचारणारा पुढच्या वेळी मराठीत लिहायला कचरतो. हे नुकसान मोठं आहे. दुरुस्ती मात्र बरोबर आहे: महत् या शब्दाला त्व लागतो, म्हणून दोन त. आधी टाकीचं उत्तर द्यावं, आणि शब्द त्या व्यक्तीला वेगळ्या मेसेजमधून कळवावा.

याहून वाईट म्हणजे अर्धवट नियमावर केलेली दुरुस्ती. दोन त पाठ झाले की काही जण नेतृत्व, अस्तित्व, मातृत्व यांतही ते घालायला लावतात. नेतृ, अस्ति, मातृ यांच्या शेवटी त् नाहीच, मग दुसरा त येणार कुठून? गुरू शब्दाचंही तसंच. साहित्य महामंडळाच्या नियमांनुसार गुरू, कवी, रवी हे शब्द सुटे असताना शेवट दीर्घ. तेच समासात आधी आले की ऱ्हस्व: गुरुपौर्णिमा, कविसंमेलन, रविवार. गुरुपौर्णिमेच्या शुभेच्छांवर ‘रूला दुसरा उकार हवा’ असं सांगणारा बरोबर लिहिलेलं बिघडवतो. हे महामंडळाचे नियम एकूण १८ आहेत, १९६२ चे १४ आणि १९७२ चे ४. दुरुस्ती सुचवणाऱ्याने ते एकदा तरी नीट वाचलेले असावेत.

‘पानी’, ‘म्हनून’ असं कुणी गप्पांत लिहिलं, तर ती बहुधा त्याच्या घरची बोली असते. तिला हात लावू नये. ‘कि’ आणि ‘की’ यांची अदलाबदल पुष्कळदा इंग्रजी अक्षरांतून मराठी टाइप करताना होते. अर्थ कळत असेल तर तीही सोडून द्यावी.

पण मजकूर छापला जाणार असेल, तर गप्प बसू नये. २७ फेब्रुवारीच्या फलकावर ‘मराठी भाषा गौरव दीन’ लिहिलं, तर दुसऱ्या वेलांटीने दिवसाचा दीनवाणा होतो. इथे पहिलीच वेलांटी हवी. ज्याने मजकूर केला त्याला फोन करा, फलक छपाईला जाण्याआधी. शब्द कोशात बघून घ्या आणि कारणासकट सांगा: ‘दिन म्हणजे दिवस, दि ऱ्हस्व.’