चौथऱ्यावरचं विमान आणि त्याचा नंबर

नमस्कार मंडळी. मी वायुसेनेत एअरफ्रेम फिटर होतो. म्हणजे विमानाचा सांगाडा, पत्रा, रिव्हेट, चाकं हे माझं काम. निवृत्तीनंतर मी जिथे जातो तिथे चौकात, बागेत, शाळेच्या आवारात ठेवलेली जुनी लढाऊ विमानं बघत फिरतो. त्यातल्याच एका विमानाबद्दल आधी सांगतो. गावाचं नाव घेत नाही.

ते नॅट होतं. अगदी लहान विमान, पंखांचा विस्तार जेमतेम 22 फूट. 1965 आणि 1971 च्या लढाईत या चिमुकल्या विमानाने पाकिस्तानच्या सेबर विमानांना आकाशात गाठलं, आणि श्रीनगरवर नॅट उडवतानाच निर्मलजित सिंग सेखोन यांना वीरमरण आलं. वायुसेनेचे ते एकमेव परमवीरचक्र विजेते. त्या जातीचं हे विमान बागेत चकचकीत चंदेरी ऑइलपेंट फासून उभं होतं. परवानगी काढून मी त्याच्या पोटाखाली शिरलो. विमानाच्या पोटाला पाणी निथळायला बारीक भोकं असतात. रंगाऱ्याने तीही रंगवून बुजवली होती. एका भोकात दाभण घातलं, तर तपकिरी पाण्याची धार लागली. सोबत कुजलेली पानं, पाखरांच्या घरट्यातल्या काड्या. पाव तास ती धार थांबली नाही. किती पावसाळ्यांचं पाणी ते पोटात घेऊन उभं होतं, कोण जाणे.

अॅल्युमिनियम लोखंडासारखं तांबडं गंजत नाही, म्हणून लोकांना वाटतं विमानाला काही होत नाही. पण अॅल्युमिनियमच्या पत्र्याला पोलादी बोल्ट असतो. दोन वेगळे धातू चिकटून असले आणि मध्ये ओल साठली, की बॅटरीच्या सेलसारखी क्रिया सुरू होते आणि त्यात बळी जातो तो अॅल्युमिनियमचा. बोल्टच्या कडेने पांढरी भुकटी येते, पत्रा फुगतो, त्याचे पापुद्रे सुटतात. रंग वरून छान दिसतो आणि आतली कमान पोकळ झालेली असते. त्यात उन्हाने कॅनपी, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरचं पारदर्शक झाकण, दुधाळ होते, टायर एकाच जागी भार सोसून चिरतात. टायरांवर विमान वर्षानुवर्षं उभं करू नये. भार स्टँडवर घ्यावा, चाकं नुसती टेकलेली असावीत. एवढी साधी गोष्टही फार थोड्या ठिकाणी पाळलेली दिसते.

त्या नॅटच्या मागच्या अंगावर मी वॉटर पेपरने हलकेच घासायला सुरुवात केली. चंदेरी रंग गेला, खाली हिरवा-तपकिरी कॅमोफ्लाज. त्याखाली जुनी चंदेरी, आणि तिच्यावर काळ्या आकड्यांची फिकट कडा. तो त्याचा खरा नंबर. वर रंगाऱ्याने टाकलेला नंबर भलताच होता! मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. नंबर म्हणजे विमानाचं नाव. नंबर असला की स्क्वाड्रन कळते, ते कोणत्या तळावर होतं, कोणत्या मोहिमेवर गेलं, कोणी उडवलं ते शोधता येतं. नंबर पुसला तर उरतो तो विमानाच्या आकाराचा पत्रा. तो कुठेही ठेवला तरी सारखाच.

म्हणून माझं म्हणणं असं, की ज्या देशात विमानाने सेवा केली तिथेच ते राहावं. ज्यांनी त्याला उडवलं, ज्यांनी रात्री टॉर्चच्या उजेडात त्याची दुरुस्ती केली, ती माणसं आणि त्यांची नातवंडं इथे आहेत. पण नुसता हक्क सांगून भागत नाही, हे लिबरेटरची गोष्ट शिकवते.

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा कानपूरच्या चकेरी तळावर बी-24 लिबरेटर बाँबर विमानं टाकून दिलेली होती. परत कोणाच्या कामी येऊ नयेत म्हणून त्यांची जाणूनबुजून मोडतोड केलेली होती. 1948 मध्ये हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या लोकांनी त्या ढिगातून, एकाचा भाग दुसऱ्याला जोडत, विमानं उडण्यापुरती उभी केली. जमशेद मुन्शी या टेस्ट पायलटने ती बंगळुरूला उडवत नेली आणि तिथे त्यांची पुरती दुरुस्ती झाली. भंगारातून उठलेली ती विमानं वायुसेनेने 1968 पर्यंत वापरली. जगात बाकी बहुतेक ठिकाणी लिबरेटर केव्हाच वितळवून झाली होती. आज ब्रिटन, अमेरिका, कॅनडा इथल्या संग्रहालयांतली कित्येक लिबरेटर ही आपल्याकडून गेलेली आहेत. एक दिल्लीला पालमच्या वायुसेना संग्रहालयात आहे. स्पिटफायर आणि टेंपेस्ट या जुन्या लढाऊ विमानांचंही तेच. 1970 च्या दशकात ती आपल्याकडून ब्रिटनला गेली, आणि लंडनच्या रॉयल एअर फोर्स संग्रहालयात जे टेंपेस्ट आहे ते भारतीय वायुसेनेचं आहे. ती गेली याचं मला दुःख आहे. पण तिथे ती छपराखाली आहेत, त्यांची निगा नीट राखली जाते, हेही मान्य करायला हवं. इथे ठेवून ती कुजवली असती, तर मी आज काय तोंडाने बोललो असतो?

जुनं विमान उडवावं का, असा प्रश्न नेहमी येतो. उडतं विमान पाहण्यात वेगळाच आनंद आहे. 2012 च्या वायुसेना दिनी टायगर मॉथ हे जुनं शिकाऊ विमान पुन्हा उडालं. 2018 मध्ये दिल्लीजवळच्या हिंडन तळावर ‘परशुराम’ नावाचं डाकोटा हे मालवाहू विमान वायुसेनेत आलं. भंगारातलं विमान ब्रिटनमध्ये दुरुस्त करून तेव्हाचे खासदार राजीव चंद्रशेखर यांनी ते भेट दिलं. त्यावर व्हीपी 905 हा नंबर आहे. 27 ऑक्टोबर 1947 ला शीख रेजिमेंटच्या जवानांना श्रीनगरला उतरवणाऱ्या डाकोटाचा तो नंबर. हे विमान ते नव्हे, तो नंबर आदरापोटी दिला आहे. असं असेल तिथे पाटीवर तसं लिहावं. पण जे एकुलतं एक आहे ते मात्र कधीही उडवू नये. 1933 मध्ये आपल्या वायुसेनेची पहिली स्क्वाड्रन चार वापिटी विमानांवर उभी राहिली. पालमला वापिटी आहे, आणि त्या जातीचं पूर्ण विमान जगात दुसरं उरलेलं नाही. तिचं कापड, तिचा सांगाडा हवेत नेऊन पणाला लावायचं नसतं.

आता मिग-21 ची पाळी आहे. 1963 पासून वायुसेनेत असलेलं हे विमान 26 सप्टेंबर 2025 ला चंदिगडला निवृत्त झालं. त्यांतली काही गावोगावी चौथऱ्यांवर येतील. तुमच्या गावात येणार असेल, तर आधी विचारा की संकटात वैमानिकाला सीटसकट बाहेर फेकणारी सीटची काडतुसं काढली आहेत ना. मग त्याचा नंबर आणि त्याच्या सेवेची नोंद मागून घ्या, पाटीवर कोरून घ्या. चौथऱ्याआधी छपराचे पैसे उभे करा, पत्र्याची शेड असली तरी चालेल. आणि दर वर्षी मृगाच्या आधी एकाने दाभण घेऊन पोटाखाली शिरायचं आणि ती भोकं मोकळी करायची.