वाडीत मुक्काम

(पर्यटनप्रेमींच्या एका मेळाव्यात केलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, मुंबईहून गोव्याला गाडीनं निघालेल्या माणसाला आता सावंतवाडी दिसतही नाही. झाराप ते पत्रादेवी असा नवा रस्ता झाला आणि महामार्ग गावाला बगल देऊन पुढे गेला. रेल्वेनं जाल तर ‘सावंतवाडी रोड’ स्थानक मळगावला, गावापासून काही किलोमीटर लांब. म्हणजे मुद्दाम वाट वाकडी केल्याशिवाय हे गाव भेटत नाही. ती वाट तुम्ही वाकडी करावी, आणि तिथे निदान एक रात्र राहावं, एवढंच सांगायला मी आज उभा आहे.

मी स्वतः पहिल्यांदा गेलो तो एका सहलीच्या बसनं. बस तलावाकाठी पाऊण तास थांबली. आम्ही तलावाचे फोटो काढले, लाकडी फळांची एक करंडी घेतली, चहा प्यायलो आणि पणजीच्या रस्त्याला लागलो. पुढे कित्येक वर्षं मी लोकांना सांगत होतो की सावंतवाडी पाहिली आहे. नंतर एकदा घरच्या कामानं तीन दिवस राहावं लागलं, तेव्हा कळलं की आपण काहीच पाहिलं नव्हतं.

तिकडचे लोक ‘सावंतवाडी’ हे पूर्ण नाव क्वचितच घेतात. ‘वाडीक जातंय’ म्हणतात, झालं. जुनं नाव सुंदरवाडी. सावंत-भोसल्यांचं हे संस्थान. एका बाजूला पोर्तुगीज, दुसऱ्या बाजूला मराठी सत्ता, नंतर इंग्रज, या सगळ्यांत हे छोटं राज्य टिकून राहिलं. १८१९ साली इंग्रजांशी तह झाला, १८३८मध्ये त्यांनी कारभार हातात घेतला, १९४८मध्ये संस्थान विलीन झालं. इतिहास याहून खूप मोठा आहे, पण मला आज वाड्यात आणि आळ्यांत काय चालतं ते सांगायचं आहे.

आधी तलाव. मोती तलाव गावाच्या बरोबर मध्ये आहे. एका काठाला जांभ्या दगडाचा राजवाडा, दुसऱ्या काठाला बाजारपेठ, मागे नरेंद्र डोंगर. गावातला माणूस दिवसातून दोन-तीनदा तरी तलावाच्या कडेनं जातोच. शाळा, बाजार, कचेरी, सगळ्या वाटा तिथूनच. संध्याकाळी कठड्यावर म्हातारी माणसं ठरलेल्या जागी येऊन बसतात. तुम्ही चुकून कुणाच्या जागेवर बसलात तर कुणी उठवत नाही, पण समोर उभं राहून इतकं आपुलकीनं ‘खंयसून इल्यात?’ विचारतात की आपणच सरकून जागा करतो. तिथेच मला पुढच्या तीन दिवसांचा कार्यक्रम मिळाला. कुठल्या पुस्तिकेतून मिळाला नसता.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजवाड्यात गेलो. दरबार हॉलमध्ये कारागीर बसून गंजिफा रंगवतात आणि तुम्हाला शेजारी उभं राहून पाहता येतं. गंजिफा म्हणजे हातानं रंगवलेले गोल पत्ते. शब्द फारसी वळणाचा आहे. बाबरानं १५२७ साली सिंधमध्ये शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आठवणींत आहे. मुघली गंजिफाची पानं ९६, आठ रंगांची; रंग म्हणजे बदाम-इस्पिकासारखा पत्त्यांचा गट. आपल्याकडे त्याचं जे रूप रुजलं ते दशावतारी: दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं, एकूण १२०. तेलंगणातून आलेल्या विद्वान ब्राह्मणांकडून हा खेळ वाडीच्या दरबारात आला असं सांगतात.

प्रत्येक रंगात एक राजा, एक प्रधान आणि एक ते दहा अशी पानं. राजाच्या पानावर खुद्द अवतार. खालच्या पानांवर त्याची खूण: मत्स्याला मासे, कूर्माला कासवं, परशुरामाला परशू. तिघांनी खेळायचं, प्रत्येकाला चाळीस पानं. दिवसा खेळ रामापासून सुरू होतो, रात्री कृष्णापासून. निम्म्या रंगांत दश्शी मोठी आणि एक्का लहान, उरलेल्या निम्म्यांत नेमकं उलट. हुकूम नावाचा प्रकार नाही. कुठली पानं पडून गेली हे डोक्यात ठेवायचं, हाच सगळा खेळ. दहा अवतार मुखोद्गत व्हायला याहून गोड उपाय मला तरी ठाऊक नाही.

त्या सकाळी एक बाई मत्स्याचं सहावं पान रंगवत होत्या. पानाचा व्यास आपल्या तळहाताहून लहान. तांबडी जमीन आधीच भरून वाळलेली, त्यावर सहा मासे, पिवळट पांढऱ्या रंगात. बाईंच्या कुंचल्याला इतके थोडे केस होते की लांबून ती नुसती काडी वाटत होती. त्या माशांचे खवले काढत होत्या. एकेक खवला म्हणजे एक छोटी अर्धवट कमान. कमान काढायच्या आधी श्वास रोखायच्या, काढून झाली की सोडायच्या. कुंचला तसाच राहायचा, दुसऱ्या हातानं पानच थोडं फिरवायच्या. डोळे सगळ्यात शेवटी. मी विचारलं, शेवटी का? म्हणाल्या, ‘‘डोळा काढला की तो माझ्याकडे बघायला लागतो. मग खवले काढताना हात हलतो.’’ सहा माशांना तासाच्या वर वेळ लागला. शेजारी रंग वाळत असलेली आणखी वीसेक पानं मांडून ठेवली होती. १२० पानांचा हिशेब तुम्हीच करा.

ही कला जवळजवळ संपली होती. छापील पत्ते स्वस्त, ते आल्यावर हाताचे कोण घेणार? एखाददुसरे वृद्ध चितारी तेवढे जाणकार उरले होते. तेव्हा शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला वाड्यातच काम सुरू केलं. नुसतं अनुदान देऊन ते थांबले नाहीत. जाणत्या हातांकडून शिकून घेतलं, गावातल्या मुलामुलींना शिकवलं, आणि राणीसाहेब स्वतः कुंचला घेऊन बसल्या. २०१८ साली त्या गेल्या. २०२४मध्ये वाडीच्या गंजिफाला आणि लाकडी कामाला भौगोलिक मानांकन मिळालं. मानांकनाचा मला आनंद आहे, पण मानांकन खवले काढत नाही. दरबार हॉलमध्ये बसलेला तो हात होता म्हणून मानांकन द्यायला काही शिल्लक राहिलं.

राजवाड्यातून निघून चितारआळीत जा. लाकडी खेळण्यांची, फळांची, पाटांची, देव्हाऱ्यांची दुकानं ओळीनं आहेत. फळं बहुतेक पांगाऱ्याच्या लाकडाची. पांगारा हलका आणि मऊ, त्यामुळे आंबा कोरायला सोपा आणि उचलला की खरा आंबा नाही हे लगेच कळतं. फाल्गुनात कोकणात फिरलात तर बांधावर पानं झडलेलं, लाल फुलांनी पेटलेलं झाड दिसेल, तोच पांगारा. कच्च्या लाकडाला चिंचोक्याची खळ आणि खडू लावून अंगाचं छिद्रन् छिद्र बुजवतात, मग रंग. भातुकली, लाटणं, भोवरा असं गोल काम मात्र लेथवर कातलं जातं आणि त्याला लाख चढवतात. फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी टेकवायची. घर्षणानं लाकूड तापतं, लाख वितळते आणि अंगभर पसरते. मग केवड्याचं पान दाबून धरलं की जी झिलई येते ती वर्षानुवर्षं जात नाही. माझ्या आजीच्या भातुकलीतला लाखेचा डबा आमच्या घरात आहे. झाकण अजून घट्ट बसतं.

इथे एक विनंती. चितारआळीत घासाघीस करू नका. परवडत नसेल तर छोटी वस्तू घ्या, पण किंमत पाडू नका. आणि दुकानदाराला सरळ विचारा की हे वाडीत झालंय का. बाहेरून आलेला मालही शेजारी मांडलेला असतो. विचारलं की बहुतेक दुकानदार खरं सांगतात, आणि मागच्या खोलीत काम चालू असेल तर आत बोलावून दाखवतातही.

आता मुक्काम का, ते. पत्त्यावर जे दहा अवतार पाहिलेत ते या मुलखात रात्री चालतेबोलते भेटतात. दशावतारी नाटक. तिकडे त्याला दहीकाला, ‘धयकालो’ म्हणतात. कार्तिकात गावोगावच्या जत्रा सुरू होतात आणि उन्हाळ्यापर्यंत चालतात. सावंतवाडी तालुक्यातच सोनुर्लीच्या माऊलीची जत्रा आहे, लोटांगणाची जत्रा म्हणून ती ओळखली जाते; हजारो लोक देवळाभोवती लोटांगण घालतात. अशा जत्रांत, पालखी झाल्यावर, मध्यरात्रीच्या सुमारास देवळासमोर नाटक उभं राहतं. सोबतीला पेटी, मृदंग, झांज. आधी गणपती, सरस्वती, मग संकासूर येऊन हसवतो, आणि मग आख्यान. हाती लिहिलेली संहिता नसते. कथा ठरलेली, संवाद जागेवर. दोन राजे एकमेकांना धर्माच्या गोष्टी ऐकवत असतात आणि दोघांनाही समोरचा पुढे काय बोलणार हे माहीत नसतं. एकजण अडला की दुसरा त्याला सावरून घेतो, तेही राजाच्याच भाषेत. स्त्रीपात्रं पुरुषच करतात, आणि काही जण अशी करतात की पुढच्या रांगेतल्या बायका पदर डोळ्याला लावतात.

या कलावंतांबद्दल कोकणात म्हण आहे: ‘राती राजा, सकाळी कपाळार बोजा.’ रात्रभर मुकुट, आणि उजाडलं की तोच माणूस सामानाचा पेटारा डोक्यावर घेऊन पुढच्या गावाला. आता कंपन्यांच्या गाड्या आल्या, पेटारा डोक्यावर घ्यावा लागत नाही. पण दिवसा शेती किंवा दुसरं काम आणि रात्री नाटक हे अनेकांचं अजून सुटलेलं नाही.

कधी जावं, असं पुष्कळ जण विचारतात. पावसाळ्यात वाडी हिरवीगार असते, आंबोलीचा घाट तासाभरावर आहे, पण पाऊस असा कोसळतो की तलावाची फेरी होत नाही. चतुर्थीला जाल तर घराघरात गणपतीवर माटवी बांधलेली दिसेल, रानातली फळं, पानं, फुलं टांगून केलेलं छत, आणि रात्री उशिरापर्यंत भजनं. ओळखीचं घर असेल तरच तो अनुभव पुरा मिळतो. अनोळखी माणसानं कार्तिक किंवा मार्गशीर्ष धरावा. पोचल्यावर हॉटेलात न विचारता तलावाच्या कठड्यावर जाऊन विचारा की आज कुठल्या गावात जत्रा आहे. रिक्षावाल्यालाही माहीत असतं. जाताना गरम कपडे घ्या, पहाटे देवळाच्या आवारात चांगलीच थंडी पडते.

मी ज्या रात्री गेलो त्या रात्री परशुरामाचं आख्यान होतं. पहाटे दहीहंडी फुटली, लोक पांगले. देवळामागच्या विहिरीवर परशुराम तोंड धूत होता. अर्धा चेहरा धुऊन झाला होता, उरलेल्या अर्ध्यावर अजून रंग होता. मी म्हटलं, काल वाड्यात तुमच्या दशावताराचं पान रंगवताना पाहिलं. तो ओल्या चेहऱ्यानं वळला आणि म्हणाला, ‘‘माझी बहीण आसा थंय कामाक. कितव्या पानार होती?’’