प्रत्यारोपणानंतर नागिणीची लस : गोळी चालू आहे तोवरच

कांजिण्या बऱ्या होतात, पण त्यांचा विषाणू शरीर सोडून जात नाही. तो कण्यालगतच्या मज्जातंतूंच्या गाठींत दडून बसतो आणि आपल्या टी-पेशी (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) त्याला वर्षानुवर्षं तिथंच दाबून ठेवतात. तो पुन्हा उठला की होते ती नागीण. रक्त तयार करणाऱ्या मूळपेशींच्या प्रत्यारोपणाच्या आधी जी जबर केमोथेरपी देतात, तिच्यात हा पहारा मोडतो. विषाणू मात्र जागच्या जागी राहतो. पुढे नव्या पेशी रुजतात, रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशींचा आकडा छान दिसू लागतो. पण आकडा भरला म्हणजे पहारा बसला असं नव्हे. त्याला अजून बरेच महिने लागतात.

तेवढे दिवस राखण करते ती विषाणूला रोखणारी ॲसायक्लोव्हिर किंवा व्हॅलॅसायक्लोव्हिरची गोळी. स्वतःच्याच पेशी परत दिल्या असतील तर ती साधारण सहा ते बारा महिने चालते. दात्याच्या पेशी असतील तर निदान वर्षभर, आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं सुरू असली तर त्याहूनही पुढे. पुष्कळांना नागीण उठते ती ही गोळी थांबल्यानंतर. म्हणून लसीचं वेळापत्रक गोळीच्या शेवटच्या तारखेवरून मागे मोजत लावायचं: गोळी थांबण्याच्या सुमारे दोन महिने आधी लस झालेली बरी. गोळीमुळे या लसीचा परिणाम कमी होत नाही, त्यामुळे लसीसाठी गोळी बंद करू नका. आणि लस झाली म्हणून स्वतःच्या मनानं गोळी सोडूही नका.

लस कोणती, हे नावानिशी पाहा. हवी ती शिंग्रिक्स. तिच्यात विषाणूच नसतो, त्याच्या आवरणातलं एक प्रथिन असतं, ५० मायक्रोग्रॅम. त्यामुळे तिच्यातून नागीण होऊच शकत नाही. नागिणीची जुनी लस जिवंत विषाणूची होती, कांजिण्यांची लस आजही तशीच असते, आणि या काळात जिवंत लस धोक्याची. नावांच्या गोंधळात चुकीची कुपी उघडली जाते, म्हणून टोचण्याआधी लेबल मोठ्यानं वाचून घ्यावं.

स्वतःच्या पेशी असतील तर प्रत्यारोपणानंतर ३ ते १२ महिन्यांत, दात्याच्या असतील तर ६ ते १२ महिन्यांत पहिला डोस. दुसरा एरवी दोन ते सहा महिन्यांनी देतात. या रुग्णांना एक-दोन महिन्यांनीही देता येतो. चार आठवड्यांच्या आत दिलेला दुसरा डोस मोजत नाहीत, तो पुन्हा द्यावा लागतो. उशीर झाला तर मात्र पहिल्यापासून सुरुवात नको, राहिलेला डोस घ्यायचा. रिटुक्सिमॅब (प्रतिकारशक्तीच्या बी-पेशी कमी करणारं औषध) चालू असेल तर लस त्याच्या पुढच्या डोसाच्या निदान चार आठवडे आधी बसवा.

आता टेबलावरचं. खोक्यात दोन कुप्या असतात: एकीत पांढरी पूड, दुसरीत किंचित दुधाळ द्रव. द्रव पुडीत घालून हलकेच फिरवायचा, पूड विरघळली की अर्धा मिलिलिटर दंडाच्या स्नायूत. घाईत होणारी चूक म्हणजे नुसता द्रवच टोचला जातो. खरं प्रथिन पुडीत असतं, तेव्हा तो डोस वायाच गेला. लस २ ते ८ अंश सेल्सियसला ठेवायची. एकदा गोठली की टाकून द्यायची. प्लेटलेट्स कमी असतील तर २३ गेजची किंवा त्याहून बारीक सुई वापरावी आणि जागा न चोळता दोन मिनिटं घट्ट दाबून धरावी.

दंड ठणकतो, अंग मोडून येतं, कणकण येते. एक ते तीन दिवसांत ओसरतं. पण ताप आला तर तो लसीचाच असं घरी ठरवू नका. प्रत्यारोपण झालेल्यानं ताप आला की डॉक्टरांना फोन करायचाच.

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत स्वतःच्या पेशी घेतलेल्या १,८४६ जणांचा अभ्यास झाला. लस घेतलेल्यांत नागीण सुमारे ६८ टक्क्यांनी कमी आढळली, आणि फोड बरे झाल्यावरही रेंगाळणारी असह्य आग तर ८९ टक्क्यांनी. हे आकडे दात्याच्या पेशी घेतलेल्यांना जसेच्या तसे लावू नयेत. लस घेऊनही काहींना नागीण होते. अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी आग, मग पाण्याच्या फोडांचा घोस, असं दिसलं तर त्याच दिवशी दाखवा; औषध ७२ तासांच्या आत सुरू झालेलं उत्तम. कधी फोड उशिरा येतात आणि आधी नुसतं पोटच भयंकर दुखतं. तेव्हाही डॉक्टरांना प्रत्यारोपणाची तारीख आणि गोळी कधी थांबली, हे पहिल्याच वाक्यात सांगा.