सुरी घडवून घेण्याआधी

मंडळी, कंपनीची सुरी घ्यावी की कारागिराकडून घडवून घ्यावी, या प्रश्नाचं उत्तर सुरीपासून सुरू होत नाही. ते कामापासून सुरू होतं. सह्याद्रीतल्या दोन दिवसांच्या भटकंतीत सुरीला काय काम पडतं? कांदा, बटाटा, कोथिंबीर चिरणं. दोरी आणि पॅकिंगची पट्टी कापणं. चूल पेटवायला ओल्या काटकीची साल काढून आतला कोरडा गाभा उघडा करणं, त्याचे पातळ फुलोरे काढणं. तंबूच्या खुंटीला टोक करणं. पायात रुतलेला काटा टोकाने उकरणं. यातलं एकही काम १० सेंटिमीटरच्या पात्याबाहेर जात नाही. फांदी तोडायची असेल तर त्यासाठी आपल्याकडे शेकडो वर्षं घोटून तयार झालेला कोयता आहे. मावळातला किंवा कोकणातला माणूस तो कमरेच्या आकडीत अडकवून निघतो. सुरीने कोयत्याचं काम करायला गेलं की सुरी जाड होते, जड होते आणि कांदाही धड चिरत नाही.

पात्याच्या लांबीचा आणखी एक हिशेब आहे. शस्त्र नियमांनुसार ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याच्या सुऱ्या शस्त्रांच्या वर्गात येतात. घरगुती, शेतीच्या किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेल्या वगळून. आणि अभयारण्यांचा नियम याहून कडक आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ३१ प्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षकाच्या लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र घेऊन जाता येत नाही, आणि त्या कायद्यातल्या ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येत सुरी येते. भीमाशंकर, कळसूबाई-हरिश्चंद्रगड, कोयना ही सगळी अभयारण्यं आहेत. तिथे जायचं असेल तर भाजी घरून चिरून न्या आणि सुरी घरी ठेवा. झाडाची फांदी तर तोडायचीच नाही.

आता कारखान्यातली सुरी. उदाहरण म्हणून स्वीडनच्या मोरा गावची ‘कंपॅनियन’ घेऊ, कारण ती जगभर पहिली सुरी म्हणून घेतली जाते. स्टेनलेस पात्याची लांबी सुमारे १०४ मिलिमीटर, जाडी २.५ मिलिमीटर. पोलाद १२सी२७ नावाचं, म्हणजे साधारण ०.६ टक्के कार्बन आणि १३.५ टक्के क्रोमियम. अशा पोलादाला पाणी द्यायला, म्हणजे तापवून झटकन गार करून कडक करायला, १०५० अंश सेल्सिअसच्या वरचं तापमान लागतं आणि ते ठरावीक मिनिटं काटेकोर धरावं लागतं. कारखान्याच्या भट्टीत हे हजारो पात्यांना एकसारखं जमतं. पैसे मोजून आपण विकत घेतो ती ही एकसारखेपणाची हमी. शिवाय त्या पात्याची धार ‘स्कँडी’ पद्धतीची, म्हणजे दोन्ही बाजूंना एकच रुंद सपाट उतार आणि त्याच्या शेवटी धार. तो उतार दगडावर सपाट टेकवला की कोन आपोआप सापडतो. धार लावायला शिकणाऱ्याला याहून चांगलं पातं मिळणार नाही.

तिच्यात उणिवाही आहेत. पातं मुठीच्या शेवटापर्यंत जात नाही. काटकी फोडायला पात्याच्या पाठीवर लाकडाने ठोकत राहिलात तर ताण मूठ आणि पातं जिथे भेटतात तिथे साचतो. पाठीच्या कडा गोलसर असल्या तर फेरो रॉडवर, म्हणजे चूल पेटवायला खरवडायच्या धातूच्या कांडीवर, ठिणगी नीट पडत नाही. तिथे काटकोनात घासलेली तीक्ष्ण कड लागते. जाड दाण्याच्या दगडावर घासून ती करून घेता येते, धारेवर जाड टेप चिकटवून. आणि मूठ सरासरी पंजासाठी बनवलेली असते. पंजा लहान असो वा मोठा, बोटं सरासरीत बसवावी लागतात.

घडवून घेतलेल्या सुरीची खरी ताकद इथे, या शेवटच्या मुद्द्यात आहे. कारागीर तुमच्या हाताचं माप घेऊ शकतो. पण तुम्हाला काय हवं ते त्याला मिलिमीटरमध्ये सांगता आलं पाहिजे, आणि ते एक सुरी पूर्ण पावसाळाभर आणि एक हिवाळा वापरल्याशिवाय कळत नाही. म्हणून माझं स्पष्ट मत असं: पहिली सुरी कंपनीचीच घ्या, आणि ज्या दिवशी तिच्याबद्दलच्या तीन तक्रारी आकड्यांत मांडता येतील त्या दिवशी कारागिराचं दार ठोठवा. ‘मूठ १२ मिलिमीटर लांब हवी’, ‘पातं अर्धा मिलिमीटर पातळ हवं’, ‘धार मुठीच्या अगदी जवळून सुरू हवी, कारण जोर तिथेच लागतो’. तक्रार एवढी नेमकी हवी. ‘भक्कम हवी’ एवढंच सांगितलं तर कारागीर ५ मिलिमीटरचं पातं देतो. ते गाजरात घातलं की गाजर चिरलं जात नाही, पाचरीसारखं तडकतं.

आता पोलाद आणि पाणी. इथे जरा थांबतो, कारण फसगत बहुतेक इथेच होते.

आपल्याकडचे कारागीर पुष्कळदा ट्रकच्या कमानपाट्याचं पोलाद वापरतात. पोलाद चांगलं आहे, ईएन ४५ किंवा ५१६० या स्प्रिंगच्या पोलादांच्या घराण्यातलं. पण भंगारातला पाटा लाखो धक्के खाऊन आलेला असतो. त्यात केसासारख्या भेगा असू शकतात, त्या डोळ्यांना दिसत नाहीत आणि पाणी देताना उघडतात. शिवाय पाटा नेमक्या कोणत्या पोलादाचा हे माहीत नसेल तर कोणत्या तापमानाला पाणी द्यायचं हेही अंदाजानेच ठरतं. नवी, प्रमाणपत्रासह पट्टी घेतली तर हा प्रश्नच उरत नाही, आणि सुरीच्या एकूण किमतीत त्या पट्टीचा वाटा किरकोळ असतो.

पाणी देण्याची रीत अशी. पातं आधी तापवून हवेत गार करायचं, दोन-तीन वेळा, म्हणजे घणाखाली वाढलेले कण पुन्हा बारीक होतात. मग तापवायचं. सुमारे ७७० अंशांना लोखंडाला चुंबक चिकटेनासं होतं. ती खूण धरून त्याच्या थोडं पुढे, ५१६० असेल तर ८३० ते ८५० पर्यंत जायचं. मग ५० अंशांच्या आसपास गरम केलेल्या तेलात सरळ बुडवायचं. ‘पाणी’ हा शब्द रूढ असला तरी कमानपाट्याला पाण्यात बुडवू नये. पाणी इतक्या वेगाने उष्णता ओढतं की धारेकडचा पातळ भाग आकसून तडकतो, आणि तो बारीक ‘टिंग’ आवाज ऐकला की पातं गेलं. तेलातून निघालेलं पातं काचेसारखं कडक आणि तेवढंच ठिसूळ असतं. तासाभरात ते २०० अंशांवर दोन तास, आणि गार झाल्यावर पुन्हा दोन तास ठेवायचं. घासून चकचकीत केलेल्या भागावर फिकट गवताचा पिवळा रंग येतो. ही दुसरी पायरी घाईत गाळली की धारेचे टवके उडतात. जास्त तापवलं की धार दुमडते. सगळं नीट झालं तर काठिण्य रॉकवेल सी मापाने ५७ ते ५९ येतं.

एवढं करूनही काम बिघडू शकतं. शेवटी फिरत्या घासपट्ट्यावर (बेल्ट ग्राइंडरवर) धार काढताना पातं गरम झालं आणि धारेवर निळसर रंग चढला, तर तिथलं तापमान ३०० च्या घरात गेलं होतं. तेवढ्या जागेचं पाणी उतरलं. कारागीर तो रंग घासून काढू शकतो, पण गेलेलं काठिण्य परत येत नाही. धारेच्या एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा बोथटपणा येत असेल तर कारण बहुधा हे असतं.

डी२ नावाच्या पोलादाबद्दल सावध राहा. त्यात साधारण १.५ टक्के कार्बन आणि १२ टक्के क्रोमियम आहे. धार फार टिकते. पण त्याला १००० अंशांच्या वर, नियंत्रित भट्टी लागते. कोळशाच्या भट्टीत आणि भात्यावर ते साधत नाही. पुण्याला याची सोय आहे: भोसरी-चाकणच्या पट्ट्यात यंत्रांचे भाग आणि साचे कडक करून देणारे कारखाने आहेत. सुज्ञ कारागीर पाती तिकडे पाठवतो आणि काठिण्याचा आकडा मागून घेतो. तेव्हा विचारा, ‘पाणी कुणी दिलं, आकडा किती आला?’ उत्तर टाळलं तर ते पोलाद घेऊ नका. आणि डी२ ला घरी धार लावायला साधा दगड पुरत नाही, डायमंड प्लेट, म्हणजे हिऱ्याची पूड बसवलेली पाटी लागते, हेही मनात धरा.

पात्यावरच्या लाटांच्या नक्षीचं आकर्षण मी समजू शकतो. ते सौंदर्य खरं आहे. पण आजच्या ‘दमास्कस’ सुऱ्यांमध्ये दोन पोलादांचे थर जोडून घडवलेले असतात. दक्षिण भारतात मुशीत गाळलं जाणारं वूट्झ पोलाद ही वेगळीच विद्या होती. चांगल्या कारागिराचं थरांचं पातं १०९५ आणि १५एन२० अशी पोलादांची नावं सांगून येतं. नाव न सांगता स्वस्तात मिळणारं पातं भिंतीवर टांगायला ठीक.

मुठीचं पाहू. शिसवी मूठ हातात घेतली की सोडवत नाही, पण जुलैत लाकूड फुगतं आणि मार्चमध्ये आकसतं. ही हालचाल तंतूंच्या आडव्या दिशेने जास्त होते. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या आणि पोलाद यांच्यामध्ये केसभर फट पडली की पाणी आत जातं आणि गंज आत, न दिसणाऱ्या जागी वाढतो. घाटमाथ्यावर पावसाळ्यात वापरायची असेल तर मायकार्टा मागा: कापड आणि राळ दाबून केलेला पत्रा, फुगत नाही, ओल्या हातात घसरत नाही. फक्त त्याला चकाकी देऊ नका म्हणून सांगा. मुठीची लांबी अशी ठरवा: चार बोटांच्या मुळाशी पंजाची रुंदी मोजा आणि त्यात २ सेंटिमीटर मिळवा. ८५ मिलिमीटरचा पंजा असेल तर १०५. सुताराकडून साध्या लाकडाचा तेवढा नमुना करून घ्या, आठवडाभर बटाटे सोलताना हातात धरल्यासारखा वापरा, जिथे टोचेल तिथे पॉलिश पेपरने घासा आणि तोच तुकडा कारागिराला द्या. शंभर शब्दांपेक्षा तो तुकडा जास्त सांगतो.

म्यान चामड्याचं असेल तर सुरी त्यात ठेवून कपाट बंद करू नका. चामडं ओल धरून ठेवतं आणि कमावताना वापरलेले क्षारही त्यात असतात. कार्बन पोलादाला पंधरा दिवसांत ठिपके पडतात. पातं पुसून, खोबरेल तेलाचा पातळ हात देऊन, कागदात गुंडाळून बाहेर ठेवा.

सुरी ताब्यात घेताना व्हर्नियर कॅलिपर बरोबर न्या. पातं स्कँडी पद्धतीचं नसेल तर धारेचा शेवटचा उतार जिथे सुरू होतो तिथली जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असावी. एक मिलिमीटर निघाली तर सुरी कापण्याऐवजी ढकलेल. पातं डोळ्यासमोर धरून टोकाकडून मुठीकडे पाहा, वाकडेपणा लगेच दिसतो. पाठीच्या कडेवर मुठीजवळ नवी बारीक कानस हलकेच फिरवा: पातं पूर्ण कडक केलेलं असेल तर ती बरीचशी घसरते, मऊ राहिलं असेल तर दात सहज रुततात. मात्र काही कारागीर मुद्दाम फक्त धार कडक करतात आणि पाठ मऊ ठेवतात, तेव्हा हे आधी विचारून घ्या. मग धार पितळेच्या सळीवर हलक्या दाबाने टेकवा. धार किंचित लवून परत सरळ झाली तर पाणी योग्य. लवून तशीच राहिली तर मऊ, टवका उडाला तर ठिसूळ. ही परीक्षा कारागिरासमोरच घ्या. जो खरा कारागीर आहे तो सळी स्वतःच काढून देतो.